लोकांची वेधशाळा : दुर्बीण आणणं सोपं, दर आठवड्याला कुलूप उघडणं अवघड

नेर : वेधशाळा म्हटलं की डोंगरावरचा पांढरा घुमट, आत ट्रकएवढी दुर्बीण आणि रात्रभर जागणारे शास्त्रज्ञ असं चित्र डोळ्यासमोर येतं. पण वेधशाळेचा आणखी एक प्रकार आहे. एखाद्या इमारतीच्या स्लॅबवर ठेवलेली मध्यम दुर्बीण, ती चालवणारे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, आणि समोर रांगेत उभी राहिलेली गावातली माणसं. पगार कोणालाच नाही, तिकीट बहुतेक वेळा नसतं. याला लोकांची वेधशाळा म्हणता येईल.

अशा वेधशाळा गोव्यात आहेत, पुण्या-मुंबईत असे गट आहेत, जगातल्या लहान कसब्यांतही आहेत. त्यातल्या काही ८० वर्षांपासून टिकल्या, काही २४ वर्षांत बंद पडल्या. का टिकल्या आणि का बंद पडल्या, हे नेरसारख्या तालुक्याच्या गावानं समजून घेण्यासारखं आहे. कारण शहरांनी गमावलेली एक गोष्ट आपल्या शिवारात अजून शिल्लक आहे. ती म्हणजे अंधार.

लोकांची वेधशाळा म्हणजे नेमकं काय?

संशोधनाच्या वेधशाळेत दुर्बिणीला कॅमेरे आणि यंत्रं जोडलेली असतात. तिथं डोळा लावून पाहायला सहसा कोणी बसत नाही. पुणे जिल्ह्यात गिरवली इथं आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. ही कामं सरकारी संस्थांची, कोट्यवधींची आणि पगारी शास्त्रज्ञांची.

तारांगण ही वेगळी गोष्ट. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. तिथं घुमटाच्या आतल्या बाजूवर आकाशाचं चित्र पाडून दाखवतात. माहिती चांगली मिळते, पण तो तारा खरा नसतो. शिवाय नेरवरून नागपूरला जायला-यायला अख्खा दिवस मोडतो.

लोकांच्या वेधशाळेत खरा चंद्र, खरा शनी स्वतःच्या डोळ्यानं पाहता येतो. तिला फक्त तीन गोष्टी लागतात : मोकळी जागा, एक बरी दुर्बीण आणि ठरलेल्या दिवशी येणारी माणसं. पहिल्या दोन गोष्टी पैशानं मिळतात. तिसरी मिळत नाही.

पणजीतली गच्ची

मराठी माणसाला जवळचं उदाहरण गोव्याचं. १९८२ मध्ये तिथं 'असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी', म्हणजे खगोलप्रेमींची मित्रमंडळी, अशी संस्था सुरू झाली. संस्थापक पर्सिव्हल नोरोन्हा हे सरकारी सेवेतून निवृत्त झालेले अधिकारी आणि गोव्याच्या वारशाचे अभ्यासक. खगोलशास्त्र हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. २०१९ मध्ये त्यांचं निधन झालं.

या संस्थेनं पणजीत 'जुंता हाऊस' या सरकारी इमारतीच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभी केली. पणजी राजधानी असली तरी गाव लहानच. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ४० हजारांच्या आसपास लोकसंख्या होती. पावसाळा सोडून, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत संध्याकाळी वेधशाळा उघडायची. कोणीही जिना चढून वर यायचं, रांगेत उभं राहायचं आणि दुर्बिणीतून पाहायचं. जागेला आणि साधनांना सरकारची मदत झाली, पण लोकांना दाखवायचं काम स्वयंसेवकांनी केलं. पुढं मडगावसारख्या गावांतही उपकेंद्रं निघाली.

यातली ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळापत्रक. 'ग्रहण असेल तेव्हा कार्यक्रम' असं न करता अख्खा हंगाम संध्याकाळचं दार उघडं ठेवलं. त्यामुळं आज पाहुणे आलेत, चला दाखवून आणू, असं कोणालाही म्हणता येऊ लागलं.

पुण्यात एक बंद पडली, एक टिकली

१८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली होती, म्हणून त्यांचं नाव. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख. तिथं २० इंच व्यासाची आरशाची दुर्बीण होती, आणि त्या काळात भारतात तेवढी मोठी दुसरी नव्हती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथं साधनं घेऊन गेले आणि त्यांनी निरीक्षणं केली.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण होती, महाराजांचा पैसा होता, कॉलेजची जागा होती. पण सगळं एका माणसाच्या खांद्यावर होतं.

त्याच पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोल अभ्यासकांची ही देशातली सगळ्यात जुनी संस्था मानली जाते. तिच्याकडं महाराजांची देणगी नव्हती. आकाशदर्शनाचे कार्यक्रम, नवख्यांसाठी वर्ग, दुर्बीण हाताळायला शिकवणं हे काम एका पिढीनं दुसरीला दिलं. काल रांगेत उभा असलेला पोरगा उद्या दुर्बिणीजवळ उभा राहून दुसऱ्याला दाखवू लागला. म्हणून ८० वर्षं उलटली तरी ती चालू आहे.

मुंबईतही १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला त्या काळात खगोल मंडळ सुरू झालं. मुंबईच्या झगमगाटात तारे दिसत नाहीत, म्हणून ही मंडळी लोकांना घेऊन कर्जत मार्गावरच्या वांगणीला जातात आणि रात्रभर आकाश दाखवतात. शहरातला माणूस अंधार शोधत लोकलनं गावाकडं येतो, हे गावकऱ्यांनी लक्षात घ्यावं.

कारकून, कामगार आणि संन्यासी

'हे शिकलेल्या लोकांचं काम' अशी एक समजूत आहे. इतिहास वेगळं सांगतो.

बंगालमध्ये जेसोरच्या कलेक्टर कचेरीत राधा गोविंद चंद्र (१८७८–१९७५) हे ट्रेझरीत नाणी तपासायच्या कामावर होते. मॅट्रिक नापास. १९१२ मध्ये त्यांनी ३ इंची दुर्बीण विकत घेतली आणि ज्यांचा प्रकाश कमी-जास्त होतो अशा ताऱ्यांची रोज नोंद ठेवायला सुरुवात केली. १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात एक नवा तारा अचानक पेटला, तोही त्यांनी टिपला. त्यांच्या नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेकडं जात. त्या इतक्या पक्क्या होत्या की १९२६ मध्ये संघटनेनं त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण वापरायला पाठवून दिली. नोकरी सांभाळून त्यांनी ३७ हजारांहून जास्त निरीक्षणं केली.

अमेरिकेत व्हरमाँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं कारखान्यांचं लहान गाव आहे. १९२० मध्ये रसेल पोर्टर यांनी तिथल्या मशीन कारखान्यातल्या कामगारांना हातानं आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवलं. त्या मंडळींनी टेकडीवर स्वतःच्या हातानं बांधलेलं घर आणि त्यांचा दरवर्षीचा मेळावा आजही आहे.

तिसरं नाव जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) यांचं. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त आश्रमात, रामकृष्ण परंपरेतले संन्यासी होते. हाती पैसा नाही, म्हणून टाकाऊ जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी पेटीचं बैठक-खोकं अशी दुर्बीण त्यांनी बनवली. पुढं आश्रम सुटला. १९६८ पासून ते आणि त्यांचे सोबती फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे. त्यांच्या पद्धतीची बैठक आज जगभर 'डॉब्सोनियन' नावानं ओळखली जाते. स्वस्त, मजबूत आणि गावातल्या सुताराला करता येईल अशी.

लडाखमध्ये तर हे काम गावकऱ्यांनाच दिलं आहे. हानले परिसर २०२२ मध्ये 'डार्क स्काय रिझर्व्ह' जाहीर झाला. तिथल्या गावांतल्या तरुण-तरुणींना शिकवून दुर्बिणी दिल्या गेल्या. आता तेच पर्यटकांना आकाश दाखवतात, घरी मुक्कामाला ठेवतात आणि चार पैसे कमावतात.

आकाशातून काही पडलं तर विचारायचं कोणाला?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशात जळत जाणारा पट्टा पाहिला आणि मोबाईलवर टिपला. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान, कोणी मिसाईल. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची मोठी रिंग पडली, आसपासच्या भागात गोळेही सापडले. चीनच्या 'चांग झेंग ३ बी' या रॉकेटचे ते अवशेष असावेत, असं तज्ज्ञांनी सांगितलं. इस्रोच्या पथकानं नंतर येऊन पाहणी केली.

त्याआधी २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात खरोखरच्या उल्का पडल्या होत्या. ते दगड गावकऱ्यांनाच मिळाले आणि त्यांच्यामुळंच शास्त्रज्ञांपर्यंत पोचले.

अशा वेळी तालुक्यात चार जाणती माणसं असली तर अफवा लवकर थांबते. किती वाजता दिसलं, कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेलं, किती सेकंद टिकलं, आवाज आला का, रंग कोणता, एवढं लिहून ठेवलं तरी शास्त्रज्ञांना त्याचा उपयोग होतो. उल्का सहसा काही सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा सावकाश, तुटत तुटत, अख्खं आकाश ओलांडून जातो. एवढा फरक माहीत असला तरी पाडव्याच्या त्या रात्री निम्मी भीती कमी झाली असती. पडलेल्या वस्तूला मात्र हात लावू नये. पोलीस पाटील, तलाठी किंवा ठाण्याला कळवावं.

नेरच्या आकाशाचा हिशोब

नेर साधारण २०.५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. या दोन आकड्यांतून बरंच काही निघतं, तेही दुर्बिणीशिवाय.

*ध्रुव तारा :* जितका अक्षांश, तितकाच ध्रुव क्षितिजाच्या वर. हात ताठ करून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते. म्हणजे नेरमध्ये उत्तरेकडं तोंड करून दोन मुठी वर मोजल्या की तिथं ध्रुव सापडतो. काश्मीरमध्ये त्यासाठी साडेतीन मुठी लागतात.

*खरी दुपार :* आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं. नेर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथली खरी दुपार सरासरी १८ मिनिटं उशिरा होते. सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात १२ वाजून गेलेले असतात.

*शून्य सावली :* २२-२३ मेच्या सुमारास दुपारी सव्वाबाराच्या आसपास सूर्य नेरच्या बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात असाच दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. शाळेला सुट्टी असली तरी अंगणात एक सरळ पाईप उभा करून हे कोणालाही पाहता येतं.

*पावसाची नक्षत्रं :* शेतकरी मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा असा पावसाचा हिशोब ठेवतो. ७-८ जूनला 'मृग लागला' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला. नक्षत्रं २७ आणि वर्षाचे दिवस ३६५, म्हणून सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. सूर्यच तिथं असल्यामुळं जूनमध्ये मृगाचे तारे दिसत नाहीत. तेच मृग पाहायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री बाहेर यावं. एका ओळीत तीन तारे, हा मृगाला लागलेला बाण. काही भागांत त्याला तिकांडं म्हणतात. जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे तारे चांगले ओळखीचे असतात, फक्त पुस्तकातलं नाव वेगळं असतं. सप्तर्षींना बाज आणि तिच्यामागं तीन चोर म्हणणारी जुनी माणसं अजून आहेत. वेधशाळेचे पहिले शिक्षक तीच होऊ शकतात.

कोणत्या महिन्यात काय पाहायचं?

नोव्हेंबरमध्ये, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, संध्याकाळी देवयानी दीर्घिका डोक्यावर येते. काळोख असेल तर साध्या डोळ्याला धुरकट ठिपका दिसतो. तिचा प्रकाश तिथून निघाला त्याला सुमारे २५ लाख वर्षं झाली.

१३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्कावर्षाव होतो. दुर्बीण लागत नाही, घोंगडी आणि बाज पुरते.

जानेवारी-फेब्रुवारीत कृत्तिकांचा पुंजका आणि मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघ पाहावा. तिथं आजही नवे तारे तयार होत आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री ९ च्या सुमारास दक्षिणेला पावणेदोन मुठी उंचीवर तेजस्वी अगस्त्य असतो.

मार्च ते मे या काळात सप्तर्षी, मघा, चित्रा, स्वाती. मेच्या सुरुवातीला रात्री १० च्या सुमारास दक्षिण क्षितिजाजवळ त्रिशंकू म्हणजे दक्षिणेचा क्रूस दिसतो. तो जेमतेम मूठभर उंचीवर असतो, म्हणून झाडं-घरं आड नसलेलं मोकळं शेत लागतं.

चंद्र पाहायचा तर पौर्णिमेला नव्हे. शुक्ल चतुर्थी ते अष्टमी या दिवसांत उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडतात आणि खड्डे उठून दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीत सपाट आणि डोळे दिपवणारा वाटतो. दीर्घिका, तेजोमेघ हे अमावास्येच्या आसपास.

पुढची एक तारीख आत्ताच लिहून ठेवावी. ३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास चंद्रग्रहण आहे आणि त्याचा मध्य भारतात रात्री साडेदहाच्या आत-बाहेर येतो. नवीन वर्षाच्या रात्री अख्खं गाव जागंच असणार. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यानं पाहायला कसलाही धोका नाही.

दुर्बीण कोणती घ्यावी?

जाहिरातीत '५२५ पट मोठं दिसेल' असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नये. दुर्बिणीचं खरं माप म्हणजे तिच्या आरशाचा किंवा भिंगाचा व्यास, कारण तिचं काम उजेड गोळा करणं आहे. अंधारात डोळ्याची बाहुली जास्तीत जास्त ७ मिलिमीटर उघडते. ६ इंची म्हणजे १५० मिलिमीटरचा आरसा तिच्यापेक्षा सुमारे ४५० पट जास्त उजेड गोळा करतो. चंद्राची विवरं, शनीची कडी, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र यांना तो पुरेसा आहे.

गुरूचे ते चार चंद्र गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिले, त्याची दुर्बीण आजच्या साध्या दुर्बिणीहून कमजोर होती. म्हणून सुरुवातीला १०×५० ची हातातली द्विनेत्री दुर्बीणही चालते. पाठ टेकून धरली तर तिच्यातूनही ते चंद्र दिसतात.

गावासाठी ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन बरी. मोटर नाही, बॅटरी नाही, लाईन गेली तरी अडत नाही. एक अडचण मात्र आहे. पृथ्वी फिरते, त्यामुळं आकाश तासाला १५ अंश सरकतं. १०० पट मोठं करून पाहताना शनी दोनेक मिनिटांत दुर्बिणीच्या बाहेर जातो. म्हणून सतत हलक्या हातानं नळी सरकवणारा एक माणूस तिथं लागतोच. ६० माणसं आली आणि प्रत्येकानं एक मिनिट पाहिलं तरी एक तास जातो. दुर्बिणीपेक्षा माणसाचा प्रश्न मोठा असतो, तो इथूनच सुरू होतो.

कुलूप कोण उघडणार?

अशा उपक्रमांचा शेवट बहुधा एकसारखा होतो. उद्घाटनाला मंडप, फोटो, नारळ. पहिल्या महिन्यात गर्दी. मग ज्याच्याकडं किल्ली त्याची बदली होते. दुर्बीण कपाटात जाते. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते. टिकलेल्या गटांकडं पाहिलं तर काही साध्या गोष्टी सापडतात.

१. दिवस ठरलेला असावा. महिन्यातून दोनच शनिवार ठेवा, पण चुकवू नका. ढग आले तरी दार उघडा आणि बसून माहिती द्या.

२. पाळी लावावी. किमान सहा-सात जणांना दुर्बीण लावता, काढता आणि पुसता आली पाहिजे. किल्ल्या दोन घरी असाव्यात. शिक्षकाची बदली होते, तरुण पोट भरायला पुण्याला जातो, शेतकरी हंगामात रिकामा नसतो, हे धरूनच यादी करावी.

३. दुर्बीण संस्थेच्या नावावर असावी. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० प्रमाणं किमान सात सभासद लागतात, आणि नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होते. बिल, पावती, वस्तूंची यादी एका वहीत असावी. शाळेत ठेवली तर शाळेशी लेखी करार असावा.

४. नोंदवही ठेवावी. तारीख, वेळ, आकाश कसं होतं, काय पाहिलं, किती लोक आले. राधा गोविंद चंद्र यांची खरी कमाई ती वहीच होती.

५. पोरींना आणि बायांना येता यावं अशी वेळ आणि जागा हवी. संध्याकाळी ७ ते ९, गावात, उजेडाच्या वाटेवर, जवळ शौचालय. नाहीतर रांगेत फक्त पुरुष आणि पोरं दिसतात.

६. पाहणाऱ्यातून दाखवणारा तयार करावा. आठवी-नववीच्या मुलाला तीन वेळा पाहू दिलं की चौथ्या वेळी त्यालाच दाखवायला सांगावं. १९१२ ला बंद पडलेल्या आणि १९४४ पासून चाललेल्या पुण्यातल्या दोन नावांमधला फरक इथं आहे.

अंधार हीच संपत्ती

दुर्बीण उद्याही विकत मिळेल, अंधार मिळणार नाही. चौकाचौकात हायमास्ट आणि पांढरे एलईडी लागत आहेत. उजेड गरजेचा आहेच; साप-विंचू, रस्ता, बायांची सुरक्षितता यासाठी तो पाहिजे. पण दिवा वर आणि बाजूला उजेड फेकत असेल तर ती वीज आकाशात जाते आणि बिल ग्रामपंचायत भरते.

यावरचा उपाय विदर्भातच झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आशियातलं ते पाचवं. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले गेले. गावं अंधारात गेली नाहीत. रस्ता उजळला आणि वरचं आकाश मोकळं राहिलं. आकाश पाहायला दुर्बिणीची सोयही केली गेली. नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत नवे दिवे घेताना 'वरून झाकण, खाली उजेड, पिवळसर रंग' एवढी अट टाकू शकते. त्यासाठी वेगळी योजना लागत नाही, ठराव लागतो.

काळजी कोणती घ्यावी?

दुर्बिणीतून सूर्याकडं कधीही पाहू नये. क्षणात डोळा जातो आणि तो परत येत नाही. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खास फिल्टरच हवा. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच चालत नाही. दिवसा दुर्बीण झाकून ठेवावी, लहान पोरांच्या हाती सोडू नये.

अंधारात डोळा पूर्ण उघडायला २० ते ३० मिनिटं लागतात. एकानं मोबाईल लावला की सगळ्यांचं मोडतं. टॉर्चला लाल पारदर्शक कागद बांधावा. शेतात जायचं तर बूट आणि काठी हवीच.

आरसा धोतरानं किंवा रुमालानं पुसू नये, चरे पडतात. ब्लोअरनं धूळ उडवावी. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी उघडून हवा द्यावी.

सुरुवात कुठून करायची?

दुर्बिणीसाठी वर्गणी गोळा करण्याआधी तीन महिने विनादुर्बीण कार्यक्रम करून पाहावा. ठरलेला शनिवार, शाळेचं मैदान किंवा गावाबाहेरचं खळं. पहिल्या वेळी ध्रुव आणि सप्तर्षी, दुसऱ्या वेळी चंद्र, तिसऱ्या वेळी जुन्या माणसांकडून ताऱ्यांची गावठी नावं. तिन्ही वेळा तीच सहा-सात माणसं हजर राहिली तर दुर्बीण घ्यायला हरकत नाही, कारण तिची किल्ली कोणाकडं राहील हे तोवर ठरलेलं असेल. माणसं आली नाहीत तर पैसे वाचले.